पहिली नोकरी आणायची कुठून? घाटंजीकडच्या एका बी.कॉम. मुलाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातल्या खेड्यातला, वय २३. बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली. यवतमाळ, अमरावती, नागपूर, सगळीकडे अर्ज केले. जिथं जावं तिथं 'अनुभव किती?' म्हणून विचारतात, आणि अनुभव द्यायला कोणी तयार नाही. घरी चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि सोयाबीन. भाव नाही. बाबा म्हणतात पोलीस भरतीच कर. मित्र म्हणतो पुण्याला ये, कंपनीत लावून देतो. काय करू?"

मी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक, म्हणजे हातकाम शिकवणारा, होतो, आणि नोकरीची शेवटची बरीच वर्षं शिकाऊ उमेदवारी आणि रोजगार मेळाव्यांच्या कामात गेली. तू विचारतोस त्या तिन्ही वाटांवर पोरं जाताना पाहिली आहेत. त्या अंदाजाने लिहितो.

तुला काम मिळत नाही याचं निम्मं कारण तुझ्याच वावरात आहे. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि त्या हंगामात आपल्या बाजार समित्यांत सोयाबीन चार हजारांच्या आसपास रेंगाळत होतं. पुढच्या वर्षी ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे ऐन वेचणीच्या दिवसांत. शेतकऱ्याच्या हाती पैसा कमी आला की घाटंजी, आर्णी, पांढरकवडा, दारव्हा अशा बाजारपेठा गपगार होतात. कृषी केंद्राची उधारी अडकते, कापडवाला लग्नसराईचा माल बेतानं भरतो, गाड्यांच्या शोरूममध्ये दसऱ्याची गर्दी दिसत नाही. असा दुकानदार जुना माणूस सहसा काढत नाही. तो नवा घेत नाही, एवढंच. कोणी सोडून गेला तर त्याचं काम उरलेल्या दोघांत वाटून देतो. त्यामुळे मंदीचा मार सगळ्यात आधी तुझ्यासारख्या, अजून आत न शिरलेल्या पोरावर पडतो.

हे काही आपल्याच जिल्ह्यात नाही. केंद्राच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात २०२३-२४ साली देशाचा बेरोजगारी दर ३.२ टक्के होता, १५ ते २९ वयोगटाचा मात्र १०.२. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारताविषयीच्या अहवालात २०२२ चे आकडे आहेत: तरुण पदवीधरांमध्ये बेरोजगार २९.१ टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४. यावरून शिकणं वाया गेलं असं समजू नको. न शिकलेल्याला रिकामं बसणं परवडत नाही. तो सकाळी उठून फवारणीला जातो आणि सर्वेक्षणात कामावर दिसतो.

आता त्या 'अनुभव किती?' कडे येऊ. मालकाला वर्षं मोजायची नसतात. त्याला कळून घ्यायचं असतं की या पोराच्या मागे मला किती दिवस उभं राहावं लागेल. एक उदाहरण देतो. एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, हिशेबाला माणूस पाहिजे होता, म्हणून मी एका बी.कॉम. पोराला घेऊन गेलो. नोव्हेंबर महिना, फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. मालकाने त्याच्यापुढे एक काटापट्टी ठेवली: भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, भाव आणि हमाली. म्हणाला, "कास्तकार समोर उभा आहे, त्याला किती पैसे द्यायचे आणि टॅलीत काय टाकायचं ते सांग." पोराने बेरीज-वजाबाकी बरोबर केली. मग मालक म्हणाला, "जीएसटी?" पोरगं म्हणालं, "शेतकऱ्याला जीएसटी नसतो ना." अर्धं बरोबर होतं ते. शेतकरी कर भरत नाही, पण त्याच्याकडून कच्चा कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला ५ टक्के कर स्वतः भरावा लागतो आणि तो रिव्हर्स चार्ज म्हणून नोंदवावा लागतो. जिनिंगच्या कोणत्याही दिवाणजीला हे झोपेत विचारा, सांगेल. कॉलेजच्या पुस्तकात जीएसटी होतं, कापसाची गाडी नव्हती. मालक चिडला नाही. म्हणाला, "सर, पोरगा चांगला आहे. पण आता शिकवायला मला सवड कुठं आहे?"

त्याचं शेवटचं वाक्य लक्षात ठेव. जिनिंगचा हंगाम दसऱ्यापासून साधारण मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, आणि नोकरी मागायला पोरं नेमकी हंगामात जातात, कारण तेव्हा गाड्या दिसतात. तेव्हा मालकाला तयार माणूस हवा असतो. तू ऑगस्टमध्ये जा. तेव्हा यंत्रांची दुरुस्ती चाललेली असते, मागच्या वर्षाचे हिशेब लागत असतात, मालक खुर्चीवर निवांत सापडतो आणि बोलतो. "हंगाम लागेपर्यंत दीड महिना येतो, जमलं तर ठेवा" हे ऑगस्टमध्ये म्हटलं तर ऐकून घेतात. कृषी केंद्राचं याच्या उलट आहे. त्यांची धावपळ मे-जूनमध्ये, म्हणून तिथं मार्चमध्येच जायचं. अकोल्याच्या डाळ मिलमध्ये किंवा गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिलमध्येही आधी हंगाम विचारायचा आणि त्याच्या दोन महिने आधी दारात उभं राहायचं. अर्ज नुसता व्हॉट्सॲपवर टाकून भागत नाही, हे वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो, मग तुझ्या वाटा एकेक करून पाहू. पहिलं काम पगार बघून धरू नकोस, कंपनीचं नाव बघूनही नको. वर्षभराने ते तुझ्या हातात काय ठेवतं ते बघ: एखादं काम जे तू न विचारता करू शकतोस, आणि ते केल्याचा कागद. दोन्ही मिळत असेल तर पाच हजारही चालतील. दोन्ही नसेल तर पंधरा हजारही महागात पडतात.

बी.कॉम.साठी याची सगळ्यात साधी जागा म्हणजे यवतमाळातल्या किंवा तालुक्याच्या गावातल्या एखाद्या कर सल्लागाराचं ऑफिस. पैसे लाज वाटतील इतके कमी देतात, खोटं कशाला सांगू. पण तिथं दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीचं विक्रीचं विवरण, २० तारखेला कराचं विवरण आणि जुलैत आयकराची झुंबड असते. एका वर्षात किराणा दुकानापासून क्रशरवाल्यापर्यंत सगळ्यांची बिलं तुझ्या हाताखालून जातात. कोणाचा धंदा चालतो, कोणाला हिशेबाला माणूस लागणार आहे, हेही तिथंच बसून कळतं. नोकरीची जाहिरात छापून यायच्या आधी ती कर सल्लागाराच्या टेबलावर बोलली जाते. तिथून निघालेली पोरं जिनिंगला, पतसंस्थेला, ट्रॅक्टरच्या शोरूमला लागलेली मी पाहिली आहेत, आणि तिथं त्यांना 'अनुभव किती?' कोणी विचारलं नाही.

दुसरी जागा शिकाऊ उमेदवारीची. ही फक्त आयटीआयवाल्यांसाठी असते असं पोरांना वाटतं, तसं नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि त्यात पदवीधरही बसतात. २०१९ च्या नियमांत पदवीधराचं किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरलं होतं. सरकारी बँकाही पदवीधर शिकाऊ घेतात, आणि त्यांच्या निवडीत स्थानिक भाषा तपासतात. म्हणजे मराठी येणं तिथं लागतंच. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर नाव नोंदव, पण नोंदवून गप्प बसू नको. लोहारा एमआयडीसी, बुटीबोरी, हिंगणा, अमरावतीजवळचं नांदगाव पेठ, इथल्या कारखान्यांच्या एचआरला जाऊन विचार: अकाउंट्स, स्टोअर किंवा डिस्पॅचला शिकाऊ घेता का? कायद्याचा आकडा पुरा करायची त्यांनाही गरज असते. आधीच समजून घे की शिकाऊ उमेदवाराला पीएफ नसतो आणि वर्ष संपल्यावर कामावर ठेवायचं बंधन कंपनीवर नसतं. तू तिथं प्रमाणपत्रासाठी आणि शिकण्यासाठी जातोस.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली: कामाच्या जागी बसून शिकायचं आणि सरकारने विद्यावेतन द्यायचं. बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना. आधी सहा महिने, मग पाच महिने वाढवून दिले. ज्यांना ग्रामपंचायतीत किंवा शाळेत बसवलं त्यातल्या पुष्कळांनी अकरा महिने खुर्ची सांभाळली आणि मग कायम करा म्हणून मोर्चे काढले. त्यांचा राग मला कळतो. पण अकरा महिन्यांत काय शिकलास म्हटल्यावर सांगायला काही नसेल, तर पुढचा मालक ते विद्यावेतन मोजत नाही. अशी संधी आली तर जागा निवडून घे. पतसंस्था, कारखाना किंवा दवाखान्याचं बिलिंग असेल तर डोळे मिटून जा.

आणखी एक सांगतो, जे रोजगार मेळाव्यात कोणी सांगत नाही. पीक बुडालेल्या वर्षी पिकाच्या पैशावर न चालणारे धंदे शोधायचे. सध्या आपल्याकडे डोळ्यांपुढे असलेला धंदा सोलरचा आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मध्ये शेतकऱ्याला १० टक्के हिस्सा भरावा लागतो, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के. घराच्या छतावर बसवायला पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांचं अनुदान आहे. इथं पैसा सोयाबीनच्या भावावर अवलंबून नाही. आणि वायरमन-फिटर लागतात तितकीच कागद सांभाळणारी माणसंही लागतात: ग्राहक क्रमांक, सातबारा, पाहणीचे फोटो, पोर्टलवर चढवणं, अनुदान अडकलं तर पाठपुरावा. यवतमाळ-अमरावतीच्या सोलर एजन्सीच्या ऑफिसात तासभर बसलास तर दिसेल की फायली कोणाच्या तरी वाटेकडे डोळे लावून पडल्या आहेत. गावागावांत जाऊन कास्तकाराशी बोलू शकणारा, मोटरसायकल चालवणारा आणि कॉम्प्युटर येणारा पोरगा त्यांना हवाच असतो. तसंच वणी-चंद्रपूरकडच्या कोळसा खाणी आणि गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने. त्यांच्या ठेकेदारांना हजेरी, पीएफ, चलन बघणारा लिपिक लागतो, आणि तिथं बी.कॉम. चालतं.

आता बाबांची वाट. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांना १७ लाखांहून जास्त अर्ज आले. म्हणजे शंभरात एक. २०२३ च्या तलाठी भरतीला ४,६४४ जागा आणि दहा लाखांहून जास्त अर्ज. फी खुल्या वर्गाला १,००० रुपये, मागासवर्गाला ९००. मी भरतीच्या विरोधात नाही. पोट्टे पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळतात, ती मेहनत खोटी नाही, आणि लागतात त्यांचं घर उभं राहतं. पण भरती अर्धवट करणारा सगळ्यात जास्त भोगतो. पोलिसाची मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. मैदानीत निम्मे गुण नसतील तर लेखीला बसताच येत नाही, आणि बसतात तेही गुणांच्या क्रमाने, जागेच्या दहापट. तर असं कर: १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक या आठवड्यात मोजून घे, मित्राच्या हातात घड्याळ देऊन. मैदानीत ५० पैकी ४० गुणांच्या पुढं जायची आशा दिसत असेल तर पुढच्या दोन भरत्या मनापासून दे. खुल्या वर्गाला २८ पर्यंत वय चालतं, तुझ्याकडे वेळ आहे. आशा दिसत नसेल तर बाबांना आज सांग, तीन वर्षांनी नको. आणि दोन्ही वेळी काम चालू ठेव. अमरावतीच्या अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून दिवसभर बसणाऱ्या पोरापेक्षा सकाळी पळून दहा ते सहा काम करणारा पोरगा मागे पडतो असं मला दिसलं नाही. अभ्यासिकेत कितीतरी वेळ भरतीची तारीख कधी येणार यावरच जातो, हे तूही जाणतोस.

पुण्याची वाट. मित्र 'कंपनीत लावून देतो' म्हणतो तेव्हा तो बहुतेक ठेकेदाराकडे लावून देत असतो. चाकण-रांजणगावच्या फाटकात सकाळी ठेकेदाराचा सुपरवायझर आधार कार्ड बघून पोरं आत घेतो, ओळखपत्रावर ठेकेदाराचं नाव असतं, आणि काम कमी झालं की पहिली कपात तिथूनच होते. चौघांत एक खोली, मेसचा डबा, दिवाळीचं ट्रॅव्हल्सचं तिकीट. हिशेब मांडलास तर घरी पाठवायला फार उरत नाही. तरी जायचंच असेल तर हेल्पर म्हणून लाइनवर जाऊ नको, तुझं बी.कॉम. तिथं दोन महिन्यांत मरतं. स्टोअर किंवा डिस्पॅचला जा: माल आत आल्याची नोंद, साठा, मालवाहतुकीचं ई-वे बिल. आणि पहिल्या पगाराआधीच तीन गोष्टी माग. एक नियुक्तीपत्र, नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी ते सगळ्या कामगारांना देणं बंधनकारक केलं आहे. दुसरा पीएफचा यूएएन क्रमांक. तिसरी पगाराची पावती. पीएफ १२ टक्के आणि ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचा, पाऊण टक्का तुझ्या पगारातून कापतात. कापलेले पैसे खात्यात जमा होतात का ते उमंग ॲपवर स्वतः बघ. एका ठेकेदाराकडे आमची पोरं वर्षभर राबली, कपात दर महिन्याला झाली, पासबुकात एक रुपया नव्हता. पैसे तर गेलेच, पण वर्षभर तिथं होतो हे दाखवायलाही काही उरलं नाही. यूएएनमधली नोंद हा आज अनुभवाचा सगळ्यात पक्का पुरावा आहे. नवी कंपनी अनुभवपत्रापेक्षा तीच आधी तपासते.

तुला आज फोन केला तर उद्या कामावर ये म्हणणारी एक नोकरी आहे: मायक्रोफायनान्सचा फील्ड ऑफिसर. विचारलं नाहीस, पण सांगून ठेवतो, कारण गावाकडच्या पदवीधरांची पहिली नोकरी पुष्कळदा हीच असते. सकाळी सातला बचत गटाच्या बायकांची मीटिंग, दुपारी थकलेल्या हप्त्यांसाठी घरोघर, संध्याकाळी रोकड मोजून भरणा. पीक बुडालं की ही भरती वाढते, कारण वसुली अवघड होते. शिकायला मिळतं, नाही म्हणत नाही. वर्षभर टिकलास तर बँकेत, पतसंस्थेत भाव येतो. पण गाडी तुझी, पेट्रोल किती देतात ते लेखी घे, आणि रोकड कमी भरली तर ती कोणाच्या पगारातून कापणार हे रुजू व्हायच्या आधी विचार. दुसऱ्याच्या घरासमोर बसून हप्ता मागणं ज्याच्या जिवावर येतं त्याने हे काम घेऊ नये. तीन महिन्यांत सोडतो आणि 'सोडून आला' हा शिक्का बसतो.

नोकरीसाठी आधी पैसे मागणारा कोणीही असो, त्याला द्यायचे नाहीत. रेल्वेचं नियुक्तीपत्र दाखवणारा, 'ट्रेनिंग किट'चे पैसे मागणारा, नागपूरला बोलावून टाय लावून साखळी पद्धतीचं साबण-पावडर विकायला लावणारा, सगळे एकाच माळेचे. ऑनलाइन पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन.

तुझी बहीण असेल, किंवा गावातली एखादी मुलगी हे वाचत असेल, तर तिच्यासाठी एवढंच: मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. घाटंजीहून यवतमाळला रोज जाऊन-येऊन कर सल्लागाराकडे किंवा दवाखान्याच्या बिलिंगला वर्ष काढणं त्यामुळे आता पगारात बसू शकतं. खोली करून राहायची परवानगी घरून मिळत नाही म्हणून पोरी घरीच राहतात, त्यांनी आधी हा हिशेब घरच्यांपुढे मांडून बघावा.

शेवटी तुझा बायोडाटा. मेळाव्यात हजारो बघितले. निम्मं पान जन्मतारीख, छंद आणि 'मी दिलेली माहिती खरी आहे' यातच जातं. पहिल्या चार ओळींत हे यायला हवं: टॅलीत काय काय करता येतं, मराठी-इंग्रजी टंकलेखनाचं प्रमाणपत्र आहे का, दुचाकीचा परवाना आहे का, कधीपासून येऊ शकतोस. आणि घरची चार एकर कपाशी-सोयाबीन लपवू नको, लिही. जिनिंगला, कृषी केंद्राला, पीककर्ज बघणाऱ्या पतसंस्थेला ती पात्रता आहे. ओलावा किती टक्क्यांपर्यंत चालतो आणि बियाण्याची बॅग कितीला पडते हे शहरातल्या उमेदवाराला माहीत नसतं. फोन नंबर स्वतःचा टाक, दोन टाक, आणि रिचार्ज संपू देऊ नको. निवड झालेल्या पोराचा फोन लागत नाही म्हणून यादीतल्या पुढच्या नावाला जागा गेली, हे मी मेळाव्यानंतर दर वर्षी पाहत आलो आहे.